शेकलेल्या सळाखा

आमच्या बाबांना वाकडं काही बघवत नसे. भिंतीत ठोकलेला खिळा, चुलीजवळची फुंकणी, सायकलचा आरा, पोरांच्या हातातली काठी, काहीही वाकलेलं दिसलं की त्यांचा हात त्याकडे जायचा. जेवताना त्यांच्या ताटाशेजारी एक खिळा पडलेला असायचा आणि भाताच्या दोन घासांच्या मध्ये ते तो दगडावर ठेवून ठोकायचे. माय म्हणायची, "जेवा न बापा आधी, खिया कुठी पळून नाई राह्यला." बाबा मान हलवायचे आणि ठोकत राहायचे. लाखोळीच्या वरणाचा वास आणि त्या खिळ्याची टकटक मला अजूनही वेगवेगळी आठवत नाही.

बाबा बांबूच्या डेपोत कामाला होते. जंगलातून आलेले बांबू मोजायचे, रचायचे, हे त्यांचं नोकरीचं काम. पण आरमोरीच्या आसपासच्या गावांत त्यांचं नाव झालं होतं ते बांबू सरळ करण्यासाठी. मांडवाचे खांब असोत, निळ्या झेंड्याची काठी असो, बैलबंडीच्या तट्ट्याच्या कामट्या असोत, लोक आमच्या अंगणात आणून टाकायचे. बाबा अंगणात लांब चर खणून त्यात ऐनाच्या लाकडाचे निखारे करायचे. वाकलेली जागा त्यावर धरून फिरवत राहायचे. ओला बांबू असला की आतून फट् आवाज यायचा, गोडसर वास सुटायचा, आणि मग बाबा तो उचलून कडुनिंबाच्या बेचक्यात अडकवून हळूच दाबायचे. ओलं फडकं फिरवलं की काम झालं. एक डोळा मिटून ते बांबूच्या टोकावरून पलीकडे बघायचे, आणि तोंडातून फक्त "हं" निघायचं. शेकलेला बांबू सरळ तर व्हायचाच, वर आधीपेक्षा कडक व्हायचा, त्याला कीड लागायची नाही. हे शंभर टक्के खरं आहे आणि मी ते कधीच नाकारलेलं नाही. माझं भांडण बांबूशी नव्हतं.

त्यांचा दुसरा हट्ट चहाचा. बाबांचा चहा म्हणजे साखरेचा पाक. चमचा जरा हलका पडला की ते एक घोट घेऊन कप तसाच खाली ठेवत आणि दुसरीकडे बघत बसत. बोलत नसत. तो कप उचलून, साखर घालून, परत आणून ठेवेपर्यंत घरातलं वातावरण बिघडलेलं असे. माझ्या मोठ्या माय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या बायको, शेजारच्याच घरात राहायच्या. त्या कुंपणावरून ओरडायच्या, "गोविंदाचा चहा परत आला काय व?" साऱ्या गल्लीला कळायचं. मी लहानपणापासून ठरवलं होतं की आपण मोठं झाल्यावर असला माणूस घरात ठेवायचा नाही. तो आधीपासूनच घरात होता, त्याला इलाज नव्हता.

मी चंद्रपूरला तंत्रनिकेतनात शिकायला गेले तेव्हा गावात काही लोकांनी तोंडं वाकडी केली. बाबांनी ती सरळ केली. त्याबद्दल मी त्यांची कायमची देणेकरी आहे, आणि हे इथेच लिहून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात माझा सूर बिघडणार आहे.

तिथे प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. त्यात सळाख दोन्ही टोकांना पकडून ताणायची. ताण वाढत जातो तसा काटा वर सरकतो. एका मर्यादेपर्यंत ताण सोडला की सळाख परत आपल्या मूळ लांबीवर येते. ती मर्यादा ओलांडली की येत नाही, लांबलेली ती लांबलेलीच राहते. त्या मर्यादेला सर 'यील्ड' म्हणायचे. मला खरी गंमत वाटली ती पुढच्या भागाची. एकदा मर्यादेपलीकडे ताणलेली सळाख सोडून पुन्हा ताणली, तर दुसऱ्या वेळी तिची मर्यादा वर गेलेली असते. तिला हलवायला आता जास्त जोर लागतो. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा घरातली तार आली. तार एकदा वाकवली की त्याच जागी पुन्हा वाकवायला जड जाते, आणि फार वेळा केलं की तुटते. म्हणजे कडकपणा फुकट मिळत नाही, लवचीकपणा खर्च होतो. शिवाय एका बाजूला वाकवून कडक झालेलं पोलाद उलट्या बाजूला वाकवायला गेलं तर आधीपेक्षा लवकर मान टाकतं, हे आणखी वेगळं लचांड.

त्या काळी स्लॅबसाठी जी जास्त ताकदीची सळाख मिळायची ती याच युक्तीने बनवलेली असे. कारखान्यात साधी सळाख थंडीच पकडून तिला दोरखंडासारखा पीळ द्यायचे. त्या पिळानेच तिची मर्यादा वर जायची. आमच्याकडे लोक तिला पिळाची सळाख म्हणत. आणि सरांनी फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून सांगितलं होतं, की ही सळाख तापवायची नाही. लाल होईपर्यंत तापवली की पिळाने दिलेली सगळी ताकद निघून जाते. पीळ डोळ्यांना तसाच दिसतो, पण आत ती पुन्हा साधी सळाख झालेली असते. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटीने आरमोरीला उतरून घरी आले.

गावात त्या वर्षी विहाराचं बांधकाम चाललं होतं. आमचं विहार म्हणजे तोवर मातीच्या भिंती आणि वर बांबूचे तट्टे. पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं. गावातल्या साऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून तिथे बसायच्या आणि वरून पाणी गळायचं. मायची जागा बरोबर मधोमध, मूर्तीसमोर. ती जागा तिने कोणाला कधी दिली नाही. आता मात्र पक्क्या भिंती उठल्या होत्या, आणि यंदाचं वाचन स्लॅबखाली होणार म्हणून माय मला एसटीपासून घरापर्यंत तेच सांगत आली. बांधकामाचे कारभारी बाबा होते. परवा स्लॅब टाकायचा होता.

मी हातपाय धुवून विहाराकडे गेले. फळ्यांवर सळाखांची जाळी बांधून तयार होती. बाबा खाली उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो एक डोळा मिटून झाल्यानंतरचा 'हं' होता. रघुनाथ मिस्त्री मला म्हणाले, "पाय बाई, तुया बाबानं लोहा कसा सरळ केला. दोरी लावून पाय, कुठी वाकडा दिसते काय!"

"सरळ केला म्हणजे?" मी विचारलं. "वाकला कसा?"

ते तर आमच्याकडे ठरलेलंच होतं. लांबच्या लांब सळाख आमच्या वाटेच्या वळणांवरून बैलबंडीत वळत नाही, म्हणून बाजारातूनच ती मधोमध दुमडून आणायची. आणली की हातोड्याने ठोकून सरळ करायची. त्यालाही मी नाक मुरडलं असतं. पण बाबांना हातोड्याने केलेलं काम पटलं नव्हतं. ठोकून सरळ केलेल्या सळाखेत पोक राहतो, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी अंगणात चर खणला, ऐनाचे निखारे केले, लोहाराकडून भाता आणला, आणि एकेक सळाख दुमडलेल्या जागी लाल करून बेचक्यात दाबली. बांबूसारखी. सबंध गाव बघायला जमलं होतं म्हणे.

मी शिडी चढून वर गेले. प्रत्येक लांब सळाखेचे तीन तुकडे करून ते भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकले होते. सळाख मधोमध दुमडलेली, त्यामुळे मधल्या तुकड्याचा मधला भागच नेमका शेकलेला. तिथे पापुद्रे सुटलेले, काळसर निळी झाक आलेली. म्हणजे जाळीतली दर तिसरी सळाख बरोबर पोटात कच्ची, आणि स्लॅबवर सगळ्यात जास्त जोर येतो तोही तिथेच, खोलीच्या मध्यावर. मी खाली बघितलं. माझ्या पायाखाली मायची जागा होती.

"बाबा," मी वरूनच म्हटलं, "ह्या सळाखा काढा लागतीन."

त्या दिवशी पुढे काय झालं ते शांतपणे लिहायचा मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा कागद फाडले. माझं डोकं आजही तापतं. मी समजावलं. तार वाकवून दाखवली. सरांचं नाव सांगितलं. बाबा ऐकून घेत होते आणि शेवटी दर वेळी एकच म्हणत होते, "शेकल्यानं वस्तू मजबूत होते, पोरी. मी जिंदगीभर शेकून राह्यलो."

"बांबू होते, बाबा! हा लोहा हाय!"

"लोहार काय थंडा लोहा ठोकते काय? कुऱ्हाड शेकूनच बनवते न?"

"तो शेकून पान्यात बुडवते. अन् कुऱ्हाडीचं पोलादच अल्लग हाय."

"पान्यात बुडवलं असतं तं चाललं असतं काय?"

"नाई!"

"मंग काऊन सांगून राह्यली पान्याचं?"

असा माणूस. मी कपाळावर हात मारून घेतला. मिस्त्री विडी ओढत दोघांकडे आळीपाळीने बघत होते, आणि मोठ्या माय कुंपणावरून विचारत होत्या की नक्की कोणाचं काय वाकडं झालंय.

शेवटी मी म्हटलं, बोलणं बंद, करून पाहू. शेकलेली एक सळाख उरली होती. मिस्त्रींनी छिन्नीने तिचे तीन तुकडे केले. अंगणात दोन ओंडके दोन हात अंतरावर ठेवले. मोठ्या मायकडून अर्धा कट्टा, म्हणजे अर्धं पोतं, धान आणलं, तेही "सांडलं तं वेचून द्या लागन" या अटीवर. आधी कडेचा, न शेकलेला तुकडा ओंडक्यांवर ठेवून कट्टा मधोमध दोरीने लटकवला. सळाख लवली. कट्टा काढला, ती परत सरळ झाली. मग शेकलेला तुकडा ठेवला. तोच कट्टा, तीच दोरी, तेच ओंडके. सळाख लवली, आणखी लवली, आणि कट्टा काढल्यावर तशीच राहिली. ओंडक्यांच्या मध्ये तिला चांगलं पोट आलं होतं.

मला मनातून उकळ्या फुटत होत्या. बाबांनी तो तुकडा उचलला, एक डोळा मिटला, टोकावरून पलीकडे बघितलं, बोटाने पोटाची जागा चाचपली आणि म्हणाले, "कच्ची राह्यली. अजून शेक पाह्यजे होता."

मी खरंच सांगते, त्या क्षणी मला चंद्रपूरची परतीची गाडी पकडावीशी वाटली. पण बाबांचा हात चालू झाला होता. त्यांनी पुन्हा निखारे केले, स्वतः भाता ओढला, पांढऱ्या केसांतून घाम गळेपर्यंत ओढला. तुकडा लालभडक झाला, बेचक्यात सरळ झाला, राखेत निवत पडला. घरात जेवण झाकून ठेवलेलं होतं, सुक्या मासोळीचा रस्सा निवून त्याच्यावर साय आली, कोणी उठलं नाही. सळाख हाताला सोसवेल इतकी निवल्यावर बाबांनीच ती ओंडक्यांवर ठेवली, बाबांनीच कट्टा अडकवला. या वेळी कट्टा आधीपेक्षा खाली गेला. इतका खाली, की त्याचं बूड जमिनीला टेकलं.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडणार होते. खूप काही बोलणार होते, सगळं तयार होतं. तेवढ्यात दारात उभी असलेली माय म्हणाली, "मंग मी भितीले टेकून बसत जाईन. मधात नाई बसनार."

ती रागाने बोलली नव्हती. तिने आपला मार्ग काढला होता. बाबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, कट्टा सोडून मोठ्या मायच्या ओसरीवर नेऊन ठेवला, आणि हात धुवून जेवायला बसले. त्या दिवशी ताटाशेजारी खिळा नव्हता.

सकाळी मी विहारात गेले तर बाबा वर चढून बसले होते. पकडीने बांधणीच्या तारा तोडून दर तिसरी सळाख ओढून काढत होते. खाली मिस्त्री हवालदिल होऊन विचारत होते, "हे काय भाऊ? उद्या स्लॅब हाय न?"

"खिडक्यायले काई नाई बसवलं आपन," बाबा वरून म्हणाले. "ह्या खिडक्यायले लागतीन."

"खिडक्या चारच हायत, भाऊ. एवढ्या सळाखा?"

"मंग फाटकाले."

"फाटक कुठी हाय?"

"बसवू न," बाबा म्हणाले आणि पुढची तार तोडली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. चुकलं, पोरगी बरोबर होती, असलं एक अक्षर नाही. खिडक्या!

नव्या सळाखा यायला वेळ लागला. तोवर पाऊस लागला, वाट बंद झाली आणि स्लॅब दिवाळीनंतरवर गेला. त्या वर्षी ग्रंथवाचन पुन्हा तट्ट्यांखालीच झालं, आणि ते तट्टे आधीच्या तट्ट्यांपेक्षा जास्त गळले. बायांची लुगडी भिजली. मी मधे एकदा घरी आले तेव्हा पाणवठ्यावर ऐकलं, "चंद्रपूरची शिकेल पोरगी आली अन् स्लॅब अडवून गेली." मी तरातरा घरी येऊन बाबांना म्हटलं, लोकांना खरं काय ते सांगा. बाबा म्हणाले, "सांगतलं न मी. पोरगी आयकतच नाई म्हनून सांगतलं." माय पदराआड हसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि या घरात त्याचं कोणाला काही नव्हतं.

पुढे माझी नोकरी सळाखा ताणण्यातच गेली. चंद्रपूरच्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी निवृत्त होईपर्यंत बांधकामांचे नमुने यंत्रात लावून तोडले. आता पिळाच्या सळाखा गेल्या, नव्या प्रकारच्या आल्या, त्यांना कारखान्यातच तापवून पाण्याने बाहेरून कडक करतात. लोक मात्र तेच. परवा मूल गावाच्या रस्त्यावर एक टेम्पो माझ्यापुढे चालला होता, सळाखा मधोमध दुमडलेल्या, टोकं रस्त्यावर घासत ठिणग्या उडत होत्या. माझ्या नातीने विचारलं, आजी तू कोणाला शिव्या देते आहेस. मी म्हटलं, कोणाला नाही, डोळे मिटून बस.

विहाराचा स्लॅब उत्तम आहे. माय जिवंत होती तोवर त्याच्याखाली मधोमध बसली. खिडक्यांना शेकलेल्या सळाखा आहेत. फाटकही झालं, नाइलाजाने. कोणी त्या सळाखांना हात लावून "काय सरळ हायत" म्हटलं की बाबा "हं" म्हणायचे.

एक दुपार मात्र सांगितल्याशिवाय हे प्रकरण संपवता येत नाही. मला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती, मी रजेवर गावी आले होते. पलीकडच्या गावचा एक माणूस ट्रॅक्टर घेऊन अंगणात आला. ट्रॉलीत दुमडलेल्या सळाखा. तो बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "गोविंदाभाऊ, तुमी त्या विहाराच्या सळाखा शेकून सरळ केल्या होत्या म्हन्तेत. आमच्या बी घराच्या करून द्या न."

मी ओसरीवर पालेभाजी निवडत होते. माझा हात थांबला. बाबा तेव्हा थकले होते, खाटेवर बसून असायचे. त्यांनी त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लोहा शेकतेत काय रे कधी?" ते म्हणाले. "बांबू शेकतेत. लोहा शेकला तं त्याचा जोर निंगून जाते. दुमडेल जागा तोडून फेक अन् बाकीच्या लाव. एवढं बी समजत नाई? कोनं शिकवलं रे तुले हे?"

तो माणूस ओशाळला. बाबा माझ्याकडे न बघता खाटेची दोरी चाचपत बसले, जणू हे ज्ञान त्यांना आईच्या पोटातच मिळालं होतं.

मी भाजी तिथेच टाकली, आत गेले आणि चहा टाकला. पाहुण्याच्या कपात साखर घातली. बाबांच्या कपात घातली नाही, एक दाणासुद्धा नाही. बाहेर येऊन तो कप त्यांच्यापुढे आपटून ठेवला. कुंपणावरून मोठ्या माय बघत होत्या.

बाबांनी पहिला घोट घेतला. थांबले. मग दुसरा घेतला, आणि तो चहा तळापर्यंत प्यायले.